तिरकी पट्टी

दुपारचे तीन वाजून चार मिनिटं. रडारची खोली, दुसरी खुर्ची. या खोलीला खिडकी नाही. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी आत कायम तिन्हीसांजेचा उजेड, आणि गार हवेला शिळ्या धुळीचा वास. खुर्चीत मास्तर होते. सव्वीस वर्षं विमानांना एकमेकांपासून लांब ठेवायची नोकरी. पेन, कागद, कप, सगळं एका रेषेत लावायची खोड, म्हणून नाव पडलं मास्तर.

समोरच्या फळीवर दर विमानाची एक कागदी पट्टी, प्लॅस्टिकच्या खाचेत बसवलेली. दोन विमानं एकमेकांच्या वाटेत येणार असली, की एक पट्टी तिरकी ओढून ठेवायची. खुर्चीचा ताबा घेणाऱ्यानं आधी तिरक्या पट्ट्या पाहायच्या. एवढीशी रीत, तिच्यावर शेकडो जीव टांगलेले.

टक्.

खालून तिसरी पट्टी तिरकी झाली होती. मास्तरांनी हाताच्या कडेनं ती सरळ केली.

सात महिन्यांपूर्वी याच खुर्चीतून उठताना त्यांनी असाच हात फिरवला होता. पट्टी त्यांनीच तिरकी केली होती. पण त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या मुलीला, खोलीत सगळ्यांत लहान म्हणून धाकटी, खुर्ची देताना सांगायचं राहिलं, आणि सवयीनं फळी नीट करून ते चहाला गेले. आठ मिनिटांनी दोन विमानं एकमेकांना चाटून गेली. एकानं अशी बुडी मारली, की त्यातली हवाई सुंदरी छतावर आदळून जागीच गेली.

चौकशीत मास्तर म्हणाले, "मी पट्टी तिरकी केली होती." खोटं नव्हतं. पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. पट्टी सरळ सापडली, वर धाकटीची हिरवी टिक. ताबा घेताना 'पाहिली' म्हणून ती प्रत्येक पट्टीवर करायची. पट्टी तिनंच सरळ केली असं ठरलं, तीच टिक तिच्या गळ्यात पडली.

निलंबनाच्या चौथ्या महिन्यात धाकटी गेली. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला. भेटायला गेलेल्या मास्तरांना तिच्या आईनं दारातच विचारलं, "पट्टी तिनंच सरळ केली का हो? ती तर नाही म्हणत होती." मास्तर चपला न काढता परत फिरले.

टक्.

पुन्हा तीच पट्टी. मास्तरांनी ती पुन्हा सरळ केली.

"मास्तर, फळीशी भांडण काढलंय का आज?" शेजारच्या खुर्चीतला जोडीदार हसला.

"खाच सैल झालीय."

"परवाच नवी बसवलीय की."

मास्तरांना धाकटी चिडवायची ते आठवलं... 'मास्तर, तुम्ही मेलात तरी अंगावरची चादर सरळ करायला उठाल!'

टक्.

हात पुढे गेला. तेवढ्यात कानातल्या हेडफोनमध्ये, दोन वैमानिकांच्या बोलण्यामधल्या खरखरीत, कोणीतरी अगदी हळू म्हणालं,

"मास्तर... राहू द्या ना."

हात हवेतच थांबला. त्यांनी पट्टीवरचा क्रमांक वाचला, तेच विमान रडारवर शोधलं. त्याला तेहतीस हजार फुटांवर चढणं थांबवायला सांगितलं होतं. ते थांबलं नव्हतं, चढतच होतं. आणि चौतीस हजारांवरून दुसरं आडवं येत होतं.

"डावीकडे वळा! ताबडतोब!"

रडारवरचे दोन ठिपके जवळ आले... आणखी जवळ... मग सावकाश फाकले. वर कोणाच्या हातातला चहासुद्धा सांडला नसेल.

मास्तरांनी फळीकडे पाहिलं. त्या क्रमांकाच्या पट्ट्या दोन होत्या. आजची आपल्या जागी, सरळ. तिरकी होती ती दुसरी. ते विमान रोज त्याच क्रमांकानं, त्याच वेळी येतं; पण या पट्टीच्या कोपऱ्यात छापलेली तारीख सात महिन्यांपूर्वीची होती. कडेला हिरवी टिक.

जोडीदाराला खुर्ची देऊन ते तडक साहेबांच्या खोलीत गेले. पट्टी टेबलावर ठेवली.

"ही मी सरळ केली होती, साहेब. तिनं नाही."

साहेबांनी दार लावून घेतलं. "फाईल बंद झालीय, मास्तर. गेलेलं माणूस परत येणारेय का? तुमची पेन्शन तेवढी जाईल."

"जाऊ द्या. तिचं नाव काढा त्यातून."

"आणि ही पट्टी आणलीत कुठून? खरी तर माझ्याकडे सीलबंद आहे." साहेबांनी कपाट उघडलं. पाकिटावर तीन सह्या, लाखेचं सील शाबूत. त्यांनी ते फोडलं, पालथं केलं, झटकलं. काहीच पडलं नाही.

मास्तरांनी त्याच टेबलावर कबुलीजबाब लिहून दिला. त्याला अकरा महिने झाले. त्यांना कोणी बोलावलेलं नाही. अहवालात दोषी म्हणून धाकटीचंच नाव आहे.

दुसऱ्या खुर्चीसमोर आता रोज, दुपारी तीन वाजून चार मिनिटांनी, एक पट्टी तिरकी होते. फळी दोनदा बदलली. ती कोण ओढतं, हे खात्यानं अजून सांगितलेलं नाही.