नवव्या मजल्याची घंटी

इचोड्याला आमच्याकडे रात्री जेवणं झाली की करंट जातो. कधी येईल ते कोणी विचारत नाही. माझ्या लग्नाला महिना झाला होता. अंगणात शेकोटी होती, आणि नणंद आशा माझ्या मागे लागली होती की नाव घे. लग्नात घेतलं, हळदीला घेतलं, यवतमाळच्या आत्या आल्या तेव्हा घेतलं. माझ्याजवळचे उखाणे संपले होते आणि उखाण्याशिवाय नुसतं नाव घ्यायचं तर जीभ वळत नव्हती. (इथंही मी ते लिहिणार नाही. सवय.)

तेवढ्यात वरून विमान गेलं, लाल दिवा लुकलुकत, हैदराबादकडे. मामाजी बोलता बोलता थांबले. मामाजी म्हणजे सासूबाईंचे भाऊ उद्धवराव, निवृत्त मास्तर. आवाज पुरता विरला. मग आशाला म्हणाले, "छळू नको तिले. पण बाई, जीभ वळवून ठेव. कामी पडते."

काऊन, म्हणून सगळ्यांनी विचारलं. ते नको म्हणाले, म्हणजे सांगणार होते. आपल्यात भूत मानत नाहीत, मीही मानत नाही, पोरांना जन्मभर हेच शिकवलं, असं आधी बजावून झालं. मग त्यांनी बिडी पेटवली.

भिवाजी त्यांचा शाळेतला वर्गमित्र. तलमडुगुकडच्या एका खेड्यात घर, मंडल ऑफिसात नोकरी. त्याचा मोठा भाऊ रामाजी हैदराबादला एका बारा मजली बिल्डिंगमध्ये लिफ्टवर होता. जुन्या पद्धतीची, लोखंडी जाळीच्या दाराची लिफ्ट. दिवसभर स्टुलावर बसायचं, घंटी वाजेल त्या मजल्यावर जायचं, जाळी ओढायची, लोटायची. वर्षातून दोनदा घरी. घरी त्याची बायको, बयनाबाई.

चौऱ्याण्णव साल, भोगीची रात्र. रामाजीनं बूथवर फोन करून निरोप ठेवला होता की संध्याकाळच्या गाडीनं निघतो, इचोड्याला उतरतो. भिवाजी लुना घेऊन घ्यायला आला. ढाब्यावर चहा प्याला, ट्रकवाल्यांची भांडणं ऐकली. गाडी आली बाराच्या पुढे. दार उघडलं. कोणी उतरलं नाही. कंडक्टरनं शिट्टी मारली, गाडी गेली. भिवाजीनं चार शिव्या घातल्या, भावाला नाही, गाडीला. मग वळला.

दादा लुनापाशी उभा होता.

पलीकडच्या दारानं उतरला असेल. गाडीला पलीकडं दार नसतं, हे नंतर सुचलं.

पिशवी नव्हती. अंगावर खाकी ड्रेस तसाच. जवळ गेल्यावर वास आला, रॉकेलसारखा पण रॉकेल नाही. भिवाजीला वाटलं, गाडीत कोणाचा डबा सांडला असेल. जेवला का विचारलं तर मानेनंच नाही. ढाब्यावर चल म्हटलं तर तेही नाही.

"थकलो रे भिवा," एवढंच म्हणाला. मागे बसला.

आता लुना म्हणजे लुना. दोन माणसं बसली की चढावर पायडल मारावं लागतं. त्या रस्त्यावर तीन चढ आहेत. भिवाजीनं एकदाही पायडल मारलं नाही. त्याला हे घरी पोचल्यावर आठवलं.

वाटेत दादा बोलला. जुनंच रडगाणं, भिवाजीला पाठ झालेलं. की तिथं नाव कोणी घेत नाही. 'ए लिफ्ट' म्हणतात. नाव ऐकू येतं ते दिवसातून एकदाच. पाळी संपली की बदलीवाला खालून ओरडतो, रामाजी, उतर. ते ऐकलं की जाळी लोटून माणूस मोकळा. तोवर घंटी वाजली की जायचंच.

"आज बदलीवाला आलाच नाई," दादा म्हणाला.

"मंग तू निंगाला कसा?"

कापसाच्या पऱ्हाट्या, अंधार, लुनाचा दिवा. बऱ्याच वेळानं दादा म्हणाला, "तिले सांगजो. नावानं हाक मार म्हना. उतर म्हना. एकदा म्हटलं का झालं. मंग मी झोपतो."

भिवाजी हसला. इतक्या रात्री याला बायकोची थट्टा सुचते.

घर आलं. बयनाबाईनं सणाचं अंगण सारवलं होतं. लुनाचा आवाज ऐकून ती कंदील घेऊन दारात आली, पदर सावरून. दादा अंगणाच्या मधोमध थांबला. पुढं येईना.

"अवो, आत या ना. थंडी पडून राह्यली."

"नावानं बोलाव."

ती लाजली. मग तिनं दिराकडं पाहिलं. "भाऊजी, यायले काय झालं?"

भिवाजीनं सांगितलं, थकला आहे, घे एकदा नाव, कोण ऐकतं इथं. तिनं तोंड उघडलं. ओठ हलले… आवाज नाही. बारा वर्षांत जे कधी तोंडातून काढलं नव्हतं ते असं दिरासमोर, कंदिलाच्या उजेडात? ती म्हणाली, अवो. अवो, या ना.

"नावानं," तो म्हणाला. रागानं नाही. खूप दमलेला माणूस दार लोटायला सांगतो, तसं.

भिवाजी म्हणाला, दादा, ये ना. त्यानं तरी थोरल्या भावाचं नाव कधी घेतलं होतं? घेणारी आई होती. ती गेलेली.

मग घंटी वाजली.

गावात करंट नव्हता. घंटी कोणाकडेच नव्हती. पण वाजली. लांब… थांबली. परत.

दादानं वर पाहिलं.

"बये. लवकर."

ओठ हलले.

घंटी.

"आलो साब," दादा म्हणाला. हात वर गेला. जाळी ओढल्याचा आवाज झाला… लोखंडाचा… आणि अंगण रिकामं.

मामाजी इथं थांबले. बिडी विझली होती, ती त्यांनी पेटवली नाही. आशा माझ्या शालीत शिरली होती.

"मंग मारली तिनं हाक," ते म्हणाले. "सारं गाव जागं झालं. नाव घेतलं, उतर म्हनलं, दहादा म्हनलं. ऐकाले कोन होतं?"

सकाळी बूथवर फोन आला. आदल्या दिवशी दिवेलागणीला कोण्या शेठचं खासगी विमान, लहानसंच, चौघं बसतील एवढं, भरकटून त्या बिल्डिंगच्या नवव्या मजल्यात घुसलं होतं. आग लागली. रामाजीनं दोनदा लिफ्ट भरून माणसं खाली आणली. तिसऱ्यांदा नवव्याची घंटी वाजली. लोकांनी त्याला धरलं, जाऊ नको म्हणाले. तो म्हणाला, घंटी वाजली ना. आणि जाळी ओढून वर गेला. घरी आणायला काही उरलं नाही.

बदलीवाला मागाहून धावत आला होता म्हणे, पण जळत्या इमारतीखाली उभा राहून नाव घेऊन ओरडायचं त्याला काही सुचलं नाही.

शेकोटी कधी विझली कळलं नाही. आमचे हे म्हणाले, मामा, भिवाजीला झोप लागली असेल लुनावर. मामाजी म्हणाले, असेल. आणि झोपायला गेले.

पुढच्या रविवारी आम्हाला त्याच गावात जोडीनं जेवायला बोलावलं होतं. बोलावणं बयनाबाईंचं. त्या सासूबाईंच्या लांबच्या नात्यातल्या; हे मला वाटेत सांगण्यात आलं. आम्ही पहाटेच्या गाडीनं निघालो, पोचलो तेव्हा ऊन यायचं होतं. दहिवर इतकं पडलं होतं की सारवलेलं अंगण काळं ओलं दिसत होतं. बयनाबाई चुलीशी होत्या. केस पिकलेले, बोलणं कमी.

अंगणाच्या मधोमध एक चौकोन होता. चार माणसं दाटीनं उभी राहतील एवढा. जमीन तिथं बोटभर दबलेली. बाकी अंगणात कोंबड्या फिरत होत्या, तिथं नाही.

आमच्या ह्यांना थट्टा सुचली. चौकोनात जाऊन ताठ उभे राहिले, हात जोडून म्हणाले, "नववा मजला."

बयनाबाईंच्या हातातली भाकरी थांबली. त्या ह्यांच्याकडं पाहत नव्हत्या. माझ्याकडं पाहत होत्या.

मी हाक मारली. नावानं. उखाणा नाही, काही नाही. नुसतं नाव, आणि उतर. अहो-जाहोसुद्धा राहिलं.

ते हसत बाहेर आले. माझा चेहरा पाहून हसू थांबलं. बयनाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाल्या, "बस बाई. चहा घे."

मी बसले. समोर अंगण होतं. तुळस, दोरी, कोंबड्यांची पाटी, लुनाचा गंजलेला सांगाडा, सगळं दहिवरानं भिजलेलं. चौकोन तेवढा कोरडा होता. वर छप्पर असावं तसा.

मी वर पाहिलं नाही.