साफ केलेला फोटो

"आणखी जोरात वल्हव, ओतिलिया! फोटो हलायला हवा!" धक्क्यावरून येर्को ओरडला.

"तुला काय जातंय ओरडायला? हात माझे तुटताहेत!" ओतिलिया फणकारली.

पण ती थांबली नाही. हिवाळ्याची सुट्टी होती, चार दिवस धुकं हटलं नव्हतं, आणि दुपारी तिच्या बाबांचा निकाल लागणार होता.

पाणबुडे सिक्स्तोकाका शिंपले काढायला तळाशी गेले होते. होडीतल्या पंपातून नळीने त्यांना हवा मिळत होती. त्या नळीवरून एक मोटरबोट गेली, आणि काका जिवंत वर आलेच नाहीत. येर्कोने धावत जाऊन पळणाऱ्या बोटीचा फोटो काढला होता. पण सगळा हललेला, धूसर! बंदरप्रमुख एरिबेर्तोकाकांनी तो आपल्या फोनवर साफ केला. बोटीवर स्पष्ट 33 दिसलं. ती बाबांची बोट! बाबा दुसऱ्या खाडीत एकटेच होते. साक्षीदार कोण?

तो साफ केलेला नंबर खरा का, हे तपासायला आज होडीवर दोघांनी खडूने 33 सारखंच दिसणारं 38 लिहिलं होतं. येर्कोने हललेला फोटो तसाच साफ केला आणि त्याचे डोळे विस्फारले.

"अगं, 33 आलं!"

"म्हणजे फोनला दिसत नाही. तो मनाने भरतो!" ओतिलिया म्हणाली. "मूळ फोटो दाखव."

मूळ फोटोत नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, एक हिरवा फराटा होता. साफ केलेल्यात तो गायबच!

"डाग समजून पुसला," येर्को पुटपुटला.

ओतिलियाने त्या फराट्यावर बोट ठेवलं. ती तर फांदी होती! संताच्या जत्रेत प्रत्येक बोट नाळेला कानेलोच्या झाडाची हिरवी फांदी बांधते, ती वर्षभर तशीच बांधलेली राहते. फक्त सुतकातलं घर बांधत नाही. यंदा ओतिलियाचे आजोबा गेले होते. बाबांच्या बोटीची नाळ उघडी होती!

दुपारी निकालाआधी दोघांनी सगळे फोटो बंदरप्रमुखांच्या टेबलावर मांडले. एरिबेर्तोकाकांनी ते दोनदा पाहिले आणि चष्मा काढला.

"साफ झाला असं वाटलं मला," ते खालच्या आवाजात म्हणाले. "जे नव्हतंच, ते कुठून येणार? पोरांनो, चुकलं माझं. तुम्ही नसता तर एका निर्दोष माणसाला बुडवलं असतं मी."

मागच्या बाकावर कोणीतरी उठलं. 38 नंबरच्या बोटीचे आउदिलियोकाका. टोपी त्यांच्या हातात चुरगळत होती.

"मला वाटलं, बोटीच्या पंख्यात शेवाळ अडकलं," ते म्हणाले. "आज कळलं. फांदी माझी आहे."

सिक्स्तोकाकांची बायको ओतिलियाजवळ आली. तिने ओतिलियाचे वल्हवून सोललेले तळवे उघडून पाहिले.

"खरं शोधलंस, बाळ," ती म्हणाली. "माझ्या माणसासाठी एवढं तरी कोणी केलं."

बाबांनी ओतिलियाला जवळ ओढलं. येर्को मात्र खिडकीशी उभा होता.

"मी नीट फोटो काढला असता तर..."

"तू धावलास," बाबा म्हणाले. "बाकी सगळे नुसते बघत उभे होते."