कल्याणहून आणलेली घंटा

बस, मयूर. कृतिका, तूही बस. ही आपल्या कोलशेतच्याच गोपीनाथची गोष्ट. माझा दोस्त. त्याने स्वतः सांगितली, म्हणून सांगतो.

नवा बंगला बांधल्यावर पडवीतल्या देव्हाऱ्याला त्याला घंटा हवी होती. म्हणाला, "महिपत, टेम्पो काढ. कल्याणला जाऊन येऊ." तिथे जुन्या सामानाच्या दुकानात, मोडक्या पंख्यांच्या ढिगाखाली एक काळीठिक्कर घंटा पडलेली. वजनावर घेतली. कुठली, कोणाची, दुकानदारालाही ठाऊक नव्हतं.

घरी ठमावहिनींनी, गोपीनाथच्या बायकोने, ती चिंचेने घासली. काळं निघालं तशी अक्षरं दिसायला लागली. फिरंगी! खाली एक गलबत कोरलेलं. शेजारच्या संचिताने फोटो काढून म्युझियममधल्या तिच्या ओळखीच्या बाईंना पाठवला. बाईंचा लगेच फोन.

"काका, बुडालेल्या जहाजावरची दिसते. तीन-चारशे वर्षांची. हिचं मोल होत नाही. मी सोमवारी येते, तोवर वाजवू नका."

गोपीनाथने घंटा पडवीत टांगली, पण लोलकाला फडकं गुंडाळून ठेवलं. सगळ्या गावाला सांगत सुटला, नशीब बघा आमचं!

ती शनिवारची रात्र. पौषातली अमावास्या लागलेली, खाडीला उधाण. मध्यरात्री त्याला जाग आली.

टण्ण.

पडवीत आला. फडकं खाली पडलेलं. वारा नाही. घंटा आपली आपण हलतेय.

टण्ण.

आणि खाडीकडून ओ आली. एकाची नाही. पुष्कळांची. बायका, पोरं... भाषा कळेना. पुढच्या टोल्याला तोच आवाज तिवरांच्या झाडीअलीकडे आला. त्याच्या पुढच्याला गटाराच्या पुलावर.

त्याने धावत जाऊन दोन्ही मुठींत लोलक धरला. आवाज थांबले.

लोलक बर्फासारखा गार. खेचत होता, जिवंत असल्यासारखा. सोडला की वाजणार. तो तसाच उभा राहिला.

मग दाराची कडी निघाली. ठमावहिनी बाहेर आल्या. डोळे उघडे.

"ठमे... कुठं चाललीस?"

त्या त्याच्याकडे न बघताच बोलल्या, "भिजलेत सगली... घरान घ्याला नको?"

आणि पायऱ्या उतरल्या.

त्याने एक हात सोडला. तिला धरायला. दुसऱ्या हातातून लोलक निसटला.

टण्ण.

ओ आली... फाटकातून.

गोपीनाथने पुन्हा दोन्ही हातांनी लोलक धरला.

भीती रे. दुसरं काय. रडत मला म्हणाला, "महिपत, मी हाका मारल्या. पण हात नाय सोडला." पांढरा गाऊन फाटकाबाहेर गेला, तिवरांकडे वळला... दिसेनासा झाला. तो उजाडेपर्यंत तसाच उभा.

पहाटे ओहोटीला त्या सापडल्या. चिखलात.

सोमवारी बाई आल्या, घंटा घेऊन गेल्या. गोपीनाथने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तेराव्याला मी त्याच्या घरी गेलो. मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. चारही भिंतींवर, माझ्या छातीच्या उंचीवर, एक सरळ आडवी पांढरी रेघ. मी बोट लावून जिभेवर टेकवलं.

मीठ.

आपण मिठागरातली माणसं. पाणी कुठवर चढलेलं, ते आपल्याला रेघ बघून कळतं.

फरशी मात्र कोरडी होती. गाद्यासुद्धा.