करंगळीचं नख

हे कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात घडलंय आणि मी तिथेच बसले होते. रात्रबित्र काही नव्हती. रविवारची भर दुपार, तिसरा मजला, खिडक्या सताड उघड्या.

ताईला जाऊन तीन-चार महिने झाले होते. भाऊजी कुलुपं दुरुस्त करतात. सगळ्यांची अडलेली दारं उघडून देणारा माणूस, पण सहा वर्षांच्या लेकीची, भिंगरीची, वेणी घालताना घामाघूम व्हायचा. तिची शाळा, डबा, ताप, सगळं एकटेच रेटत होते. मी मदतीला आले की कपाळाला आठ्या. ही आपल्या भिंगरीला ओढून नेणार, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

त्या दुपारी त्यांनी सरळच विचारलं.

"माझ्या मागे तू घरी येतेस का गं?"

"मी? महिन्याने पाऊल टाकतेय आज."

"मग हिची नखं कोण कापतं?"

मला हसूच आलं. "म्हणजे? तुम्ही नाही कापत?"

ते हळूच म्हणाले, "लक्षातच आलं नाही गं. मागच्या महिन्यात माझं नख तुटलं, तेव्हा ट्यूब पेटली. ती गेल्यापासून मी हिच्या नखांना हात लावलेला नाही. मला वाटलं, तूच चोरून येऊन कापतेस."

मी भिंगरीचे हात ओढून घेतले.

दहाही नखं आखूड. कडा खरबरीत...

दातांनी कुरतडल्यासारख्या.

"खात असेल," मी म्हणाले. "आई गेल्यावर मुलांना लागते सवय."

"तोंड उघड गं," भाऊजी म्हणाले.

पुढचे दात पडलेले. वरचेही, खालचेही.

मी तिचे मोजे काढले...

पायांचीही तशीच.

मी नर्स आहे, सहसा घाबरत नाही. पण ते मोजे मी घाईघाईने परत चढवले. भिंगरी नेलकटरला भ्यायची, म्हणून ताई तिची नखं दातांनी काढायची. तान्ही असल्यापासून. मी तिला उंदरीण म्हणून चिडवायचे.

"कुणीतरी बाहेरून येत असेल," मी उगाच बोलले.

"दोनदा कुलूप बदललं. माझ्या कुलपाला कुणी हात लावला, तर मला कळणार नाही?"

ते उठले आणि कडा सारख्या करायला नेलकटर घेऊन आले. "आजपासून मी कापणार. बाप आहे मी तिचा."

भिंगरी रडली नाही. मांडीवर बसून एकेक बोट पुढे करत गेली. शेवटी एक करंगळी तिने मुठीत लपवली.

"ही राहू दे, बाबा."

"का गं?"

"सगळी तूच कापलीस, तर आई कशाला येईल?"

भाऊजी माझ्यासमोर पहिल्यांदाच रडले. करंगळी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. 

"करंगळीचं आणखी आखूड झालंय," एवढंच म्हणाले.

मग तसंच ठरून गेलं. दर रविवारी बाकीची नखं ते कापायचे आणि करंगळी सोडायचे. "तेवढं तिचं," म्हणायचे. मलाही वाटलं, आईच आहे, लेकराचं काय वाईट करणार?

गेल्या रविवारी मी तिथेच होते. भिंगरीने हात पुढे केला...

तीन बोटं मुठीत होती.

"एकच ठरलं होतं ना?" भाऊजी म्हणाले.

"आईने सांगितलंय. हळूहळू सगळी तिलाच द्यायचीत."

भाऊजींच्या हातातला नेलकटर तसाच राहिला. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "थोडे दिवस हिला तुझ्याकडे घेऊन जा."

मुलीला माझ्यापासून जपणारा माणूस हे म्हणाला.

आता दुपार आहे. भिंगरी माझ्या पलंगावर झोपलीय. दाराला भाऊजींनी स्वतः नवं कुलूप बसवून दिलंय, ते लावलेलं आहे.

तिने झोपेतच एक हात पलंगाबाहेर काढलाय. बोटं पसरून, कुणाला तरी दिल्यासारखा...

तो हात आत घ्यायचं धाडस मला होत नाहीये.