गोरखचं वायफाय

ज्यांना ही गोष्ट खोटी वाटेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावी. माझी मामेबहीण इंद्रायणी भुताखेतांवर हसणारी पोरगी आहे, पण हे सांगताना तीही हसत नाही.

गाव पिंपळवंडी, तालुका जुन्नर. मागच्या वर्षीचा डिसेंबर. घर मळ्यात, मोबाईलची रेंज नावाला.

त्या सकाळी तिच्या मोठ्या भावाचा, गोरखचा दहावा झाला होता. बाईक घसरून गेला बिचारा.

नदीवर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. आईला सांभाळू म्हणून झालं, डाळिंबाची बाग राखू म्हणून झालं... कावळा फिरकला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

आणि दुपारी चारला इंद्रायणीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू.

सुतकात कसला इंटरव्ह्यू, म्हणून पाहुणे कुजबुजले. पण कंपनी तारीख बदलायला तयार नव्हती, आणि इतके दिवस घरी बसलेल्या पोरीला परत कोण विचारणार? वायफाय मुळात गोरखने घेतलं होतं ते तिच्या नोकरीसाठीच. नेटवर्कला नाव मात्र स्वतःचं दिलं होतं. 'गोरख'.

तिने लॅपटॉप उघडला. शेजारच्या मळ्यातलं नेटवर्क दिसलं.

'गोरख' दिसेना.

लॅपटॉप बंद करून चालू केला. वायफायचा ड्रायव्हर काढून परत टाकला. नेटवर्कचं नाव हाताने टाइप केलं.

ढिम्म.

"आई, तुझ्या मोबाईलवर नेट आहे का गं?"

"हाय की. कीर्तन लागलंय, बघ."

तिने स्वतःचा मोबाईल पाहिला. 'गोरख'... फुल्ल.

संतापाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्या घराला दिसतंय, आणि या दगडालाच दिसत नाही! तिने लॅपटॉपला एक धपाटा घातला. चार वाजत आले होते. आता वायफायचा डबाच बंद-चालू करू, म्हणून ती तणतणत गोरखच्या खोलीत गेली. डबा त्याच्या उशाशी, खिडकीत असायचा.

खिडकी... रिकामी.

केबल नुसती लोंबत होती.

"आण्णा, वायफायचा डबा कुठंय?"

तिचे वडील, रामनाथमामा दारातच थबकले. "त्येच्या उशाशी व्हता त्यो? अंथरूण, चपला, समदं सकाळी नदीवर सोडलं ना. त्येनंच आणला व्हता, म्हणून त्योबी त्येच्यासंगं दिला."

इंद्रायणीने हातातल्या मोबाईलकडे पाहिलं. लॅपटॉप खरं सांगत होता.

मग मोबाईलवर हे काय लागलंय...?

तेवढ्यात मोबाईल वाजला. इंटरव्ह्यूची लिंक आली होती. विचार करायला वेळच नव्हता, तिने ती दाबली.

सगळा इंटरव्ह्यू झाला. आवाज एकदाही तुटला नाही. इतकं चांगलं नेट त्या घरात कधीच चाललं नव्हतं.

तिने "थँक यू सर" म्हणून कॉल बंद केला...

आणि बाहेर कीर्तन मध्येच थांबलं.

"आगं, नेट गेलं बघ," मामी ओरडली.

नोकरी लागली. आता ती पुण्यात भाड्याच्या खोलीत राहते. लॅपटॉप तोच.

गेल्या रविवारी तिचा मला फोन आला. चिडलेली होती, रडतही होती.

"ज्या दिवशी हवं होतं त्या दिवशी दिसलं नाही रे या मेल्या लॅपटॉपला! आणि आज..."

लॅपटॉपवर नाव आलं होतं.

'गोरख'. फुल्ल.

"नोकरी तर लागली ना दादाच्या मनासारखी. मग आता त्याचं काय राहिलंय?" मग हळूच म्हणाली, "कनेक्ट करू का?"