शून्य नंबरचा खण

१९६६ च्या नोव्हेंबरात मी गणकयंत्राची भाषा शिकायला बसले. माझे यजमान हयवदनराव बंगळूरच्या ज्या खात्यात नोकरीला होते, तिथेच. ऑक्टोबरात ते तापाने गेले. मी गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, म्हणून खात्याने मेहेरबानी केली: परीक्षा पास व्हा, त्यांची जागा तुमची. घरात मी आणि सासूबाई, दोघीच. नापास झाले तर दोघींनी खायचं काय, हा सरळ प्रश्न होता. बाकी मला काही वाटत नव्हतं. रडूही येत नव्हतं.

शिकवणीचं यंत्र टेबलाएवढं. त्यात सोळा खण, प्रत्येकात एक आकडा किंवा एक हुकूम. खणाचा नंबर लावला की वरचे आठ दिवे आतला आकडा दाखवत. सगळ्यात उजवा दिवा एकचा, मग दोनचा, चारचा, असे दुप्पट होत जाणारे. पेटलेल्यांची बेरीज करायची. संध्याकाळी वीज बंद केली की सगळे खण पुसले जात.

"अनुसूयाबाई, पहिला खण शून्य नंबरचा," शेषगिरीराव मास्तर म्हणत. "तुम्ही परत एकपासून सुरू केलंत."

सवयच तशी. सासूबाई रोज सकाळी कॉफी गाळताना दिवस मोजत. मुलगा गेला तो दिवस पहिला. "आज एक्केचाळिसावा गं," असं मला ऐकवत. मी मान हलवून डबा भरत असे.

त्या एक्केचाळिसाव्या दिवशी, सोमवारी, मी सहज शून्य नंबर लावला. मी कधीच न वापरलेल्या त्या खणात तीन दिवे पेटले. बत्तीस, आठ, एक.

दुसऱ्या दिवशी बेचाळीस. मास्तरांना दाखवलं.

"स्वल्प थांबा, जरासं," ते कानडी मिसळून म्हणाले. त्यांनी त्या खणाचे सगळे ट्रान्झिस्टर बदलले. शनिवारी तिथे सेहेचाळीस होते. रविवारी खोलीला कुलूप. सोमवारी अठ्ठेचाळीस.

मी घरी काही बोलले नाही. मला भीती वाटली नाही. रोज आल्या आल्या तो खण बघायचा आणि कामाला लागायचं, एवढंच.

परीक्षा बुधवारी होती. त्या सकाळी सासूबाई उठल्या नव्हत्या. भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. आकडा ऐकावा लागला नाही म्हणून मला खरंच बरं वाटलं. पायावरचं पांघरूण सरकलं होतं, ते सारखं केलं आणि कॉफी झाकून निघाले.

खणात पन्नास होते.

"आज यंत्र शून्यापासूनच धावणार," मास्तर म्हणाले. "पहिला हुकूम तिथेच पाहिजे. तिथलं ते पुसा."

माझा हात बटणावर थांबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी वाटलं. मला तो आकडा पुसायचा नव्हता.

"नोकरी पाहिजे ना?"

पुसला. पन्नासचे तिन्ही दिवे विझले. मी माझा पहिला हुकूम तिथे घातला, बाकीचे पुढे. बेरीज बरोबर आली.

"सरी, बरोबर," मास्तर हसले. "पास. सोमवारपासून हयवदनरावांच्या टेबलाशी बसा."

सासूबाईंना कधी सांगते असं मला झालं. मास्तरांनी वीज बंद केली, पुन्हा चालू केली. सगळे खण कोरे.

सवयीने मी शून्य नंबर लावला.

सगळ्यात उजवा दिवा. तेवढाच.

"एक?" मास्तर वाकून बघत म्हणाले. "आता कसला एक?"

सकाळी पांघरूण सारखं करताना सासूबाईंचा पाय हाताला लागला होता. गार होता. डिसेंबर आहे, म्हटलं, असायचाच.