न वाजवलेली बाजू

बर्फमिश्रित पावसाची चिकट भुरभुर चालू होती. बसथांब्यावर तो एक चौकोनी पेटी कोटाच्या आत छातीशी धरून उभा होता, तान्हं मूल धरावं तशी. लोर्नाने चार वर्षांच्या बेथचा मफलर नाकापर्यंत ओढला आणि त्याच्याकडे न बघता पुढे निघाली.

"माफ करा... बेरिल ऑग्डेन इथे कुठे राहतात?" हातातल्या कागदावर बघत त्याने विचारलं.

लोर्ना थबकली. बेरिल म्हणजे तिची आई. अनोळखी माणूस हातात कागद घेऊन आईचं नाव विचारतो म्हणजे काहीतरी बातमी असणार. आणि चांगली बातमी ओल्डहॅमच्या त्यांच्या गल्लीत सहसा चालत येत नसे.

"टेकडी चढा. चर्चच्या मागे," तिने सांगून टाकलं.

दोन तासांनी दार वाजलं. दारात तोच, नखशिखांत भिजलेला.

"चर्चच्या मागे एक ऑग्डेन भेटले," तो म्हणाला. "पण त्यांनी काही दार उघडलं नाही."

लोर्नाचे कान तापले. चर्चच्या मागे कबरस्तान होतं. "मला वाटलं, तुम्ही... कुणीतरी सरकारी आहात."

"इतका वाईट दिसतो?" तो हसला, मग एकदम गंभीर झाला. "खरं तर तुम्ही पत्ता बरोबरच दिलात. मी रे ऑग्डेन यांच्यासाठीच आलोय. त्यांच्या आवाजासाठी."

त्याचं नाव डंकन. जुनी गाणी शोधून नव्याने काढणाऱ्या एका छोट्या कंपनीत तो कामाला होता. 'द लँटर्नमेन' या बँडच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांचा तीन सीडींचा संग्रह निघायचा होता. सगळं मिळालं होतं, फक्त पहिलं सोडून. त्या बँडचा देखणा गायक अख्ख्या देशाला ठाऊक होता; त्याच्या आधीचा गायक रे, लोर्नाचा बाप, कुणाला आठवत नव्हता. एकोणीसशे त्रेसष्टच्या जानेवारीत, नाचाच्या कार्यक्रमाहून परतताना, त्यांची व्हॅन बर्फावरून घसरली. बाकीचे वाचले. मार्चमध्ये त्यांनी नवा गायक घेतला. मे महिन्यात लोर्ना जन्मली.

बेरिलची खाट पुढच्या खोलीत गॅसच्या शेगडीजवळ होती, उशाशी ऑक्सिजनची नळकांडी. गिरणीतल्या कापसाच्या धुळीने तिची फुप्फुसं खाल्ली होती. ईस्टरपर्यंत, असं डॉक्टर म्हणाले होते.

"कपाटात आहे बघ," ती धापत म्हणाली. "नीट धर रे राजा. नवऱ्याला धरतोयस माझ्या."

अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर काळा मऊ थर दिलेली ती तबकडी, बासष्टच्या शरदात एका दुकानाच्या मागच्या खोलीत कोरलेली. डंकनने आपली पेटी उघडली; आत छोटा रेकॉर्डप्लेअर होता. त्याने सुई ठेवली. कढईत काहीतरी तळत असल्यासारखा आवाज आला. तेवढाच.

लोर्नाला तो आवाज पाठ होता. दर रविवारी, भांडी आटोपल्यावर, आई ही बाजू लावायची आणि डोळे मिटून बसायची. तिला त्यात गाणं ऐकू यायचं. लोर्नाला कधीच नाही.

"बेरिलबाई... किती वेळा वाजवली असेल?"

"मोजायला ते काय औषध होतं? पहिल्या वर्षी तर दिवसभर."

डंकन जरा घुटमळला. "हा थर फार कच्चा असतो. तीस-चाळीस वेळा ऐकण्यापुरताच. प्रत्येक वेळी सुई थोडं थोडं... घेऊन जाते."

"म्हणजे मीच खरवडून काढला त्याला."

डंकनने तबकडी उलटली. दुसरी बाजू काळ्या पाण्यासारखी चकाकत होती, एकही ओरखडा नसलेली.

"ही तर कुणी वाजवलेलीच—"

"ती नाही," बेरिल म्हणाली. "खाली ठेव."

स्वयंपाकघरात लोर्नाने किटली चढवली. "त्या बाजूला पॉलीन आहे," ती हळूच म्हणाली. "चिप्सच्या दुकानातली. गाणं तिच्यावर आहे, नावच लिहिलंय लेबलवर. मी पोटात असताना गायलेलं. आईने म्हणून कधी उलटलीच नाही. आणि मी... मी त्यांचा आवाज कधी ऐकलाच नाही, हो."

तिने आवाज आणखी खाली आणला. "आई दोन ते चार झोपते."

डंकनने तिच्याकडे पाहिलं. त्यालाही तो आवाज हवा होता, अगदी हावरटासारखा हवा होता, हे तिला त्याच्या बोटांवरून कळत होतं. पेटीच्या कडीशी ती बोटं नुसती चाळवत होती.

"नाही," तो म्हणाला. "त्या जाग्या असताना. नाहीतर नाहीच."

"मग रिकाम्या हाताने जाणार?"

"जाईन. पण परत येईन. हवं तर चर्चच्या मागून."

बेथचा बाप सोडून गेल्यापासून लोर्नाने कुणाच्या शब्दावर पाऊल टाकलं नव्हतं. पण त्या 'नाही'वर तिला टेकून उभं राहावंसं वाटलं.

तो दर बुधवारी येऊ लागला. कधी बँडचा जुना फोटो घेऊन, कधी काहीच न घेता. बेथला तो आल्याच्या चवीची बिस्किटं द्यायचा. लोर्ना आधी ती मोडून बघायची, घशात अडकतील का म्हणून. एकदा न विचारता त्यानेच मोडून दिली... आणि ती उगाचच खिडकीकडे वळली.

चौथ्या बुधवारी बेरिल उशीला टेकून बसली. "हा पोरगा आवाजासाठी येत नाही, हे मला दिसत नाही वाटतं?"

"आई!"

"गप गं. माझ्याकडे वेळ नाही लाजायला. डंकन, हात धू. उलट ती."

त्याने टेपयंत्र जोडलं. पहिल्यांदा वाजेल तोच आवाज सगळ्यात स्वच्छ, म्हणून बाजू एकदाच वाजवायची होती. सुई टेकली. आधी एक श्वास, थंड पाण्यात उतरताना घ्यावा तसा. मग कुणीतरी म्हणालं, "लवकर रे, बोटं गारठली," आणि गाऊ लागलं.

लोर्नाने आयुष्यभर एका बापाच्या आवाजाची वाट पाहिली होती. हा तर पोरगा होता. एकवीस वर्षांचा, तिच्याहून सहा वर्षांनी लहान. त्याच्या नाकावर मफलर ओढावा, त्याला त्या व्हॅनमध्ये बसूच देऊ नये, असं तिला वाटत राहिलं.

सुई उचलली. बेरिलच्या छातीतली घरघर तेवढी चालू होती.

"नऊ वेळा," ती म्हणाली. "नऊदा नाव घेतलं तिचं. मला वाटलं होतं, जास्त असेल."

मग डंकनचं मनगट धरून म्हणाली, "गाण्याचं नाव बदलू नको हं. तिचं तिला राहू दे. फक्त खाली लिही, ही तबकडी बेरिल ऑग्डेनकडची. अठ्ठावीस वर्षं सांभाळली मी."

ईस्टरच्या नऊ दिवस आधी ती गेली. रेच्या शेजारीच जागा होती.

जूनमध्ये डंकन दारात उभा राहिला, हातात संग्रहाची पेटी.

"पोस्टाने पाठवता आली असती."

"पोस्टमनला तू टेकडीवर धाडलं असतंस तर?"

पुस्तिकेत आईचं नाव बारीक अक्षरांत छापलं होतं. लोर्नाने त्यावरून बोट फिरवलं. मग त्याने खिशातून एक साधी कॅसेट काढली. "हे कंपनीने घेतलं नाही. तुझ्यासाठी म्हणून..."

तिने लावली. तळणाचा तो आवाज. रविवारचा.

"पाऊस," बेथ म्हणाली.

"गाणं नाहीच त्यात," डंकन चाचरत म्हणाला. "पण मला ते फेकवेना."

लोर्ना डोळे मिटून ऐकत राहिली. एकेक सुई, एकेक रविवार, सगळे एकावर एक.

"ही आई आहे," ती म्हणाली. आणि मग पहिल्यांदाच, त्याच्यासमोर, रडली.

कॅसेट संपली. तो उठला, कोट घेतला, दाराशी रेंगाळला. "सहाची बस आहे मला... बसथांबा त्या कोपऱ्यावरच ना?"

लोर्नाने डोळे पुसले. झोपी गेलेल्या बेथच्या श्वासाकडे एकदा पाहिलं, मग त्याच्याकडे.

"नाही," ती म्हणाली. "टेकडी चढून जा. चर्चच्या मागे."

डंकनने कोट खुर्चीवर ठेवला.

"मग बस चुकणारच," तो म्हणाला.